बुटांच्या खोक्यातला मिकी मँटल

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘आमच्या शेजारी एक आजोबा एकटे राहायचे. मूळचे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे. माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. चार हिवाळे तो त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा आणि पैसे घ्यायचा नाही. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी त्याला घरी बोलावून बुटांचं एक खोकं हातात दिलं आणि “हे आता तुझं” म्हणाले. फेब्रुवारीत आजोबा गेले. खोक्यात बेसबॉलपटूंची चित्रं छापलेली शंभर-सव्वाशे कार्डं आहेत. बरीचशी १९५२ची, रबरबँड लावलेली, वर थोडी १९८८ ते १९९०ची चकचकीत. जुन्या गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं अँडी पॅफ्कोचं कार्ड तर चोथा झालंय. आत एक मिकी मँटल आहे, मागे ३११ आकडा, मध्ये आडवी घडी. मिस्टर ती कार्ड शोला घेऊन गेले. एका विक्रेत्याने पाच मिनिटं चाळून सगळ्यांचे मिळून ३,००० डॉलर रोख देऊ केले, “पण आज दिलीत तरच.” मिस्टर म्हणतात, फाटकी कार्डं, देऊन टाकू. मुलगा रडकुंडीला आलाय. आजोबांची मुलगी पेनसिल्व्हेनियात असते, तिला यातलं काही ठाऊक नाही. लिलावात टाकावीत का? किंमत कशी ठरवायची? निदान थोडी पुसून घेऊ का?’

ताई, पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला दोन ओळी धाडल्या होत्या: खोकं कुणाला देऊ नका आणि काहीही पुसू नका. आता सविस्तर लिहितो.

‘आज दिलीत तरच’ हे वाक्य मी या धंद्यात कितीतरी वर्षं ऐकतो आहे. चांगल्या मालाचं गिऱ्हाईक एका दिवसात पळून जात नाही. ज्याला पाच मिनिटांत तीन हजारांचा आकडा सुचला, त्याने त्या पाच मिनिटांत काहीतरी पाहिलं, आणि काय पाहिलं ते तुमच्या यजमानांना सांगितलं नाही. मी त्याला लबाड म्हणणार नाही, स्वस्तात घेण्यावरच त्याचं पोट आहे. पण त्या टेबलाशी तुमच्या मुलाच्या बाजूने कुणी जाणतं माणूस नव्हतं. मिकी मँटल म्हणजे न्यूयॉर्क यँकीज संघाचा गाजलेला बेसबॉलपटू. त्याचं ते कार्ड खरं निघालं, तर घडीसकट, गोल झालेल्या कोपऱ्यांसकट, ते एकटंच पाच आकड्यांत जाईल.

ते खरं आहे की नाही, हा पुढचा प्रश्न. तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मी खुर्चीत सरळ होऊन बसलो, ते मँटलबद्दलचं नव्हतं. पॅफ्को वर होता, ते वाक्य.

टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीच्या १९५२च्या संचात ४०७ कार्डं होती आणि पहिल्या क्रमांकाचं कार्ड ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या अँडी पॅफ्कोचं होतं. त्या काळची पोरं कार्डं नंबरवार लावायची आणि वर रबरबँड चढवायची. साहजिकच रबराचा काच, बोटांचा मळ आणि खोक्याची घासाघीस सगळी वरच्या कार्डाच्या वाट्याला यायची. पॅफ्को खेळाडू म्हणून चांगला होता, पण महान नव्हे. तरीही त्याचं एक अगदी कोरं करकरीत कार्ड १९९८ साली ८३ हजार डॉलरांवर गेलं, कारण सगळ्यात वर राहून सुद्धा न झिजलेला पॅफ्को मिळतच नाही. तुमच्या आजोबांचा पॅफ्को चोथा झालाय याचा अर्थ ब्रुकलिनच्या कुठल्याशा घरात एक मुलगा ही कार्डं रोज रात्री नंबरवार लावत होता. नकली गठ्ठ्याला अशी झीज सहसा येत नाही. हा पुरावा नव्हे, पण चांगलं लक्षण आहे.

आता हे रबरबँड ओढून काढू नका. जुनं रबर कार्डाला चिकटतं आणि ओढलं की वरचा कागद सोलून घेऊन येतं. कात्रीचं टोक कार्डापासून लांब ठेवून रबर कापा आणि जिथे चिकटलंय तिथे तसंच राहू द्या. प्रत्येक कार्ड पातळ प्लॅस्टिकच्या वेगळ्या पाकिटात आणि मग कडक आवरणात घाला. दुकानात नेहमीचं आवरण मागितलंत तर ते बसणार नाही, कारण १९५७पासून कार्डांचा आकार लहान झाला आणि नेहमीची आवरणं त्या मापाची असतात. ‘१९५२च्या टॉप्सच्या मापाची द्या’ असं स्पष्ट सांगा. पीव्हीसीचं प्लॅस्टिक घेऊ नका. आणि खोकं बेसमेंटात ठेवू नका. न्यू जर्सीच्या जुलैतली दमट हवा तुम्हाला ठाऊकच आहे. घराच्या मधल्या खोलीतलं कपाट उत्तम.

पुसण्याबद्दल माझीच गोष्ट सांगतो. या छंदात नवा असताना मी १९३३ सालचं गाउडी कंपनीचं एक कार्ड जुन्या बाजारात घेतलं. कुणा मोठ्या खेळाडूचं नव्हतं, पण मला फार आवडलं होतं. वर धुळीचा राखाडी थर होता. कापूस किंचित ओला करून मी तो अलगद फिरवला. धूळ निघाली, खाली आकाशाचा निळा रंग दिसला, मला आनंद झाला. मग कार्ड सरळ व्हावं म्हणून दोन दिवस जाड पुस्तकांखाली दाबून ठेवलं. पुढे ते कार्डांचा दर्जा तपासून अंक देणाऱ्या संस्थेकडे पाठवलं तेव्हा अंक मिळालाच नाही, ‘अस्सल, पण फेरफार केलेलं’ असा शेरा घेऊन परत आलं. पाण्याने वरची चकाकी गेली होती आणि दाबल्याने जाडी कमी झाली होती. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. त्यावरची धूळ मला आज परत हवी आहे.

म्हणून पुसणं नाही, खोडरबर नाही, इस्त्री नाही, कडा समान करणं नाही. या शेवटच्या गोष्टीमुळे तर जगातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड बदनाम झालं. होनस वॅग्नर हा पिट्सबर्गच्या संघाचा बेसबॉलपटू. १९०९ ते १९११च्या दरम्यान अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत जी कार्डं घातली, त्यांतलं त्याचं कार्ड लवकरच थांबवलं गेलं. कुणी म्हणतं त्याला मुलांच्या हातात तंबाखू जायला नको होता, कुणी म्हणतं त्याला पैसे मिळाले नव्हते म्हणून. आज त्याची पन्नास-साठच्या आसपास कार्डं माहीत आहेत. त्यातलं सगळ्यात सुबक कार्ड १९९१ साली हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल यांनी सदबीजच्या लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरांना घेतलं. पुढे त्याला पीएसए या तपासणी संस्थेने दहापैकी ८ अंक दिले आणि २००७मध्ये ते २८ लाखांना गेलं. ज्या बिल मॅस्ट्रोच्या हातून ते बाजारात आलं होतं, त्याने २०१३मध्ये शिकागोच्या फेडरल न्यायालयात गुन्हा कबूल करताना सांगितलं की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. त्याच खटल्यात त्याच्या लिलावगृहात खोट्या बोली लावून भाव चढवल्याचंही पुढे आलं, आणि त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण तुम्ही आता याच बाजारात पाऊल टाकता आहात.

मँटलकडे येऊ. टॉप्स ही ब्रुकलिनचीच कंपनी. तिथल्या साय बर्जर नावाच्या तरुण नोकराने १९५१च्या शरद ऋतूत स्वतःच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पुठ्ठा आणि कात्री घेऊन वुडी गेलमन या सहकाऱ्याबरोबर या संचाचा नमुना बनवला. पुढे रंगीत चित्र, संघाचं चिन्ह, छापील सही, आणि मागे गेल्या मोसमाचे आणि एकूण कारकिर्दीचे आकडे. आज कुठलंही खेळाचं कार्ड पाहा, घडण तीच आहे. कार्डं बबलगमबरोबर विकली जायची, सेंटाला एक नाहीतर पाच सेंटांना पाकीट. आपल्याकडे नाही का बबलगमबरोबर क्रिकेटपटू मिळायचे आणि शाळेत त्यांची अदलाबदल चालायची, तसंच.

संच टप्प्याटप्प्याने निघाला. ३११पासून ४०७पर्यंतचा शेवटचा टप्पा दुकानांत येईपर्यंत बेसबॉलचा मोसम संपत आला होता, पोरांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे गेलं होतं, आणि बऱ्याच दुकानदारांनी तो मागवलाच नाही. उरलेला माल वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिला. साय बर्जर सांगायचे की शेवटी १९६० साली जागा मोकळी करायला त्यांनी तो होडक्यावर चढवून अटलांटिकमध्ये बुडवला. तुमच्या न्यू जर्सीच्याच किनाऱ्यासमोर. मँटल या टप्प्याचं पहिलं कार्ड, ३११.

इथे एक गंमत आहे जी बहुतेकांना माहीत नसते. छपाईच्या तावावर मँटल, ३१२चा जॅकी रॉबिन्सन आणि ३१३चा बॉबी थॉमसन हे तिघे दोनदोनदा होते. म्हणजे त्या टप्प्यातल्या इतर कार्डांच्या मानाने मँटल जास्त छापला गेला. शिवाय ते त्याचं पहिलं कार्डही नाही, पहिलं १९५१चं, बोमन या दुसऱ्या कंपनीचं. तरी भाव त्याचाच. २०२२च्या ऑगस्टमध्ये हेरिटेजच्या लिलावात ३११ क्रमांकाचं एक अप्रतिम कार्ड, एसजीसी या तपासणी संस्थेने साडेनऊ अंक दिलेलं, १ कोटी २६ लाख डॉलरांना गेलं. विकणाऱ्याने ते १९९१ साली ५० हजारांना घेतलं होतं. त्याच महिन्यात मोजकीच शिल्लक असलेल्या वॅग्नरच्या एका कार्डाला खाजगी व्यवहारात ७२ लाख ५० हजार मिळाले. वॅग्नर कितीतरी दुर्मिळ, पण जास्त पैसे मँटलला. किंमत दुर्मिळपणावर थोडी आणि ते कार्ड हवं असणाऱ्या माणसांवर फार ठरते. १९५२मध्ये जी दहा वर्षांची पोरं होती, ती पुढे पैसा हातात आल्यावर आपलं हरवलेलं बालपण शोधत परत आली, आणि त्यातल्या बहुतेकांना मँटल हवा होता.

आता पट्टी घ्या. खरं १९५२चं टॉप्स पावणेचार इंच लांब आणि २ पूर्णांक ५/८ इंच रुंद असतं. टॉप्सनेच १९८३मध्ये या संचाची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली, ती साडेतीन बाय अडीच इंचांची आहे आणि मागे तसं छापलेलंही आहे. म्हणजे कार्ड साडेतीन भरलं तर विषय तिथेच मिटला. पावणेचारला किंचित कमी भरलं तर कडा कापल्याची शंका घ्यायची. बरोबर भरलं तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनाराकडे असतं तसं, आणि चेहऱ्याऐवजी छापील सही पाहा. खऱ्या कार्डावर सहीची रेघ सलग शाईची असते. फोटो काढून छापलेल्या नकलेत तीच रेघ बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते. मुलाला हे काम द्या, त्याची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. मँटलच्या शेजारी त्याच गठ्ठ्यातलं एखादं साधं, फारसं न गाजलेल्या खेळाडूचं कार्ड ठेवून पुठ्ठ्याचा रंग, जाडी, मागची शाई जुळते का ते बघायला सांगा. नकला करणारे मँटलची करतात, त्या साध्या खेळाडूची कशाला करतील?

घरच्या तपासणीने नकली कार्ड पकडता येतं, अस्सलपणावर शिक्कामोर्तब मात्र होत नाही. त्यासाठी पीएसए, एसजीसी किंवा बेकेट यांच्यापैकी एकाकडे पाठवावं लागेल. ते कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यावर आहे की सरकलंय हे पाहून एक ते दहा अंक देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत सील करून परत पाठवतात. तुमच्या मँटलला घडीमुळे एक-दोनच्या पुढे अंक मिळणार नाही, हे आत्ताच मनाशी धरा. त्याने खचू नका. याच कार्डाचा नऊ अंकांचा नमुना २०२१च्या जानेवारीत ५२ लाखांना गेला आणि साडेनऊचा सव्वा कोटीला. या वरच्या आकड्यांशी तुमचा काही संबंध नाही. तुमचा संबंध एक अंकवाल्याशी. किंमत बघायची तर त्याच कार्डाचे, त्याच अंकाचे, गेल्या सहा-आठ महिन्यांत प्रत्यक्ष झालेले सौदे बघा. इंटरनेटवर विकायला ठेवलेले आकडे ही नुसती इच्छा असते. आणि तारीख बघा. २०२०-२१च्या साथीत लोक घरी बसले आणि भाव भयंकर फुगले, त्यातली कितीतरी कार्डं नंतर उतरली. कुणी तुम्हाला २०२१चा आकडा दाखवून आशा लावेल, तर त्याला आजचा विचारा.

सगळी शंभर कार्डं तपासणीला पाठवू नका, प्रत्येकाची फी पडते आणि कार्ड जितकं महाग तितकी फी जास्त. मँटल पाठवा. गठ्ठ्यात ३१२चा जॅकी रॉबिन्सन, ३१४चा रॉय कॅम्पॅनेला, ३३३चा पी वी रीस किंवा ४०७चा एडी मॅथ्यूज असला तर तेही पाठवा. ३११च्या पुढचं कुठलंही साधं कार्डसुद्धा बाजूला काढून ठेवा. १९८८-९०च्या चकचकीत कार्डांवर वेळ घालवू नका, ती इतक्या प्रचंड संख्येने छापली गेली की बहुतेकांना कागदाचीही किंमत नाही. मुलाला ती खेळायला द्या. पोस्टाने पाठवाल तर रजिस्टर्ड मेलने, ५० हजारांपर्यंत विमा मिळतो. निघण्याआधी प्रत्येक कार्डाचे पुढून-मागून फोटो काढून ठेवा.

लिलाव. होय, मँटल खरा निघाला तर लिलावच करा, पण घाईने नको. तिथला हिशोब लोकांना फसवा वाटतो म्हणून समजून घ्या. वर्तमानपत्रात जो आकडा येतो, त्यात घेणाऱ्याने लिलावगृहाला भरलेला अधिभार धरलेला असतो, साधारण वीस टक्के किंवा जास्त. समजा हातोडा २० हजारांवर पडला, तर घेणारा २४ हजार भरतो आणि बातमी २४ची होते. तुम्हाला २० मिळतात आणि त्यातूनही विक्रीचं कमिशन कापलं जाऊ शकतं. हे कमिशन दगडावरची रेघ नाही. मँटलसारखं कार्ड त्यांना कॅटलॉगमध्ये हवंच असतं, म्हणून दोन-तीन मोठ्या लिलावगृहांना फोटो पाठवा आणि स्पष्ट विचारा: कमिशन शून्य कराल का, फोटो आणि विम्याचा खर्च कोण देणार, राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती) ठेवता येईल का, पैसे किती दिवसांत येतील. उत्तरं लेखी घ्या. शेवटच्या रात्री बोली लांबत गेली तर घाबरू नका. ठरलेल्या वेळेनंतर कुणी बोली वाढवली की घड्याळ पुन्हा सुरू होतं, म्हणून असे लिलाव कधीकधी मध्यरात्र उलटून जातात. खाली गेलेल्या भावालाही तयार राहा. दोन जिद्दी माणसं भेटली तर कार्ड चढतं, एकच भेटला तर नाही.

इतकं सगळं लिहिलं, पण माझ्या मते पहिलं काम यातलं कुठलंच नाही. पहिलं काम म्हणजे पेनसिल्व्हेनियाला फोन.

आजोबांनी जिवंतपणी, शुद्धीत, ‘हे तुझं’ म्हणून खोकं हातात दिलं आणि मुलाने घेतलं. देण्याचा हेतू, प्रत्यक्ष देणं आणि स्वीकारणं, तिन्ही झालं, म्हणजे ते दान पुरं झालं. खोकं तुमच्या मुलाचं आहे. माझ्या वाचनात कायद्याने मुलीचा त्यावर हक्क दिसत नाही, पण वकिलाकडून खात्री करून घ्या. आणि नीट ऐका ताई, ते तुमच्या मुलाचं आहे, तुमचं किंवा यजमानांचं नाही. पैसे आले तर ते त्याच्या नावाच्या कस्टोडियल खात्यात, म्हणजे तो सज्ञान होईपर्यंत मोठ्या माणसाने सांभाळायच्या खात्यात, जायला हवेत. स्वयंपाकघराचं नूतनीकरण त्यातून करायचं नाही.

तरीही मुलीला सांगा. एकतर ती खोक्याला ओळखत असेल. तिच्या बाबांनी तिला ते कधी दाखवलं असेल, किंवा कधीच दाखवलं नसेल आणि ते कुठे गेलं हे ती शोधत असेल. दुसरं असं की उद्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘ब्रुकलिनच्या मूळ मालकाकडून’ असं छापून आलं आणि तिला ते परक्याकडून कळलं, तर तुमच्या मुलाने चार हिवाळे उपसलेला बर्फ तिला वेगळाच दिसू लागेल. तो डाग त्या पोरावर लागू देऊ नका. आणि तिसरं, कायद्याचंही काम आहे. एका वर्षात एका माणसाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त किमतीची भेट दिली, २०२५साठी ही मर्यादा १९ हजार डॉलर होती, तर देणाऱ्याला सरकारकडे तसं विवरणपत्र भरावं लागतं. देणारा गेला असेल तर ते काम त्याच्या मालमत्तेची व्यवस्था बघणाऱ्याचं, म्हणजे बहुधा त्या मुलीचं. कर लागेलच असं नाही, पण तिला माहीत असायला हवं.

करावरून आठवलं. तुम्हाला कुणीतरी शहाणा भेटेल आणि म्हणेल, ‘आजोबा गेल्यावर मिळालं असं दाखवा, कर वाचेल.’ त्यात तथ्य आहे म्हणूनच ते धोक्याचं आहे. वारशाने आलेल्या वस्तूची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. जिवंतपणी भेट मिळाली तर देणाऱ्याने मोजलेलीच किंमत तुमची किंमत. इथे ती एखाददुसरा सेंट आहे, म्हणजे जवळजवळ सगळी रक्कम नफा. आणि संग्राह्य वस्तूंच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर केंद्राचा कर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. खोकं नोव्हेंबरात मिळालं आणि आजोबा फेब्रुवारीत गेले. तारखा आहेत तशा लिहा. आधी सीपीएला, म्हणजे हिशोब आणि कर बघणाऱ्या लेखापालाला, भेटा, मग लिलावगृहाला. २८ टक्के गेले तरी उरतं ते त्या तीन हजारांच्या पुष्कळ वर आहे.

फोन अवघड वाटत असेल तर मुलाला बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा. त्याने एवढंच विचारावं की तुमच्या बाबांनी मला ही कार्डं दिली आहेत, त्यातलं एखादं तुम्हाला आठवण म्हणून हवं आहे का? माझा अंदाज आहे की ती मँटल मागणार नाही. ती विचारेल, बाबांचा सगळ्यात आवडता खेळाडू त्यात आहे का. त्याची तयारी करून ठेवा. पॅफ्को वर असल्यामुळे झिजला, त्याला सोडा. आतल्या कार्डांपैकी सगळ्यात जास्त कोण हाताळलं गेलंय ते पाहा. ब्रुकलिनचा पोरगा म्हणजे ३६चा गिल हॉजेस, ३७चा ड्यूक स्नायडर, नाहीतर जॅकी रॉबिन्सन. ज्याचे कोपरे इतरांहून जास्त गोल झाले असतील, मागच्या आकड्यांवर बोटांचे डाग असतील, तो त्यांचा लाडका. यजमान ज्याला ‘फाटकं’ म्हणतात ना, ते हे.

मुलगा सगळीच कार्डं ठेवू म्हणाला तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पत्राच्या तळाशी तेच आहे. मी त्याच्या बाजूने आहे, अर्धा. मँटल विकावा असं माझं मत आहे. इतकी किमती वस्तू चौदा वर्षांच्या मुलाच्या कपाटात घरभर काळजी पसरवते, आणि ते पैसे त्याच्या कॉलेजला खरोखर उपयोगी पडतील. त्यात आजोबांचाही मान आहे. पण बाकीची कार्डं, अगदी काही शेकड्यांत जाणारीही, त्याच्याकडे राहू द्या. तपासणीच्या डबीत नकोत, साध्या आवरणात, नंबरवार, आजोबा लावायचे तशी.

आणि एखाद्या शनिवारी त्याला रेल्वेने न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये न्या. सिराक्यूजच्या जेफरसन बर्डिक नावाच्या माणसाने जन्मभर जमवलेली तीन लाखांहून जास्त छापील कार्डं आणि चिटोरी तिथे आहेत, त्यात हजारो बेसबॉलची. वॅग्नरच्या संचाला आज जग टी-२०६ म्हणतं, ते नावही त्याच्याच सूचीतलं, टी म्हणजे टोबॅको. संधिवाताने त्याची बोटं वाकडी झाली होती. तरी म्युझियममध्ये येऊन तो वर्षानुवर्षं एकेक कार्ड अल्बममध्ये लावत बसायचा. १९६३च्या जानेवारीत शेवटचं कार्ड लागलं, मार्चमध्ये तो गेला. त्यातली थोडी थोडी कार्डं आळीपाळीने काचेखाली मांडलेली असतात. तुमच्या मुलाला तिथे कळेल की आपल्या खोक्यात काय आहे.

तोवर मला तीन गोष्टी कळवा: पट्टीवर आलेली मँटलची लांबी आणि रुंदी, भिंगाखाली सहीची रेघ सलग दिसली की ठिपक्यांची, आणि आजोबांची मुलगी काय म्हणाली ते.